ताटाएवढा गोल

मुख्याध्यापक झाल्यापासून मुलाची मान वर होत नव्हती. जेवताना पानात, जेवल्यावर वर्तमानपत्रात. आईने काही विचारलं की “हं”. पुन्हा विचारलं की “बघू”. शाळेत साडेचारशे पोरांपुढे घसा फोडणारा माणूस, पण घरात एका म्हातारीशी बोलायला त्याची जीभ जड व्हायची.

“आज रविवार. एक माणूस फिरकला नाही,” आई म्हणाली.

“जळतात, आई. मला खुर्ची मिळाली ती बघवत नाही त्यांना.”

हे ती दोन महिने ऐकत होती. खरंही मानत होती. पोटचा पोर खोटं कशाला बोलेल?

पूर्वी रविवारी या घरात पाय ठेवायला जागा नसायची. शिक्षक संघटनेचा चिटणीस तो, पण बैठक चालायची ती हिच्या तंत्राने. दुसरी शिकलेली बाई. पण गणिताच्या मास्तरांना गप्प बसवायची आणि चित्रकलेच्या सरांना कपबश्या विसळायला लावायची. कोणाचं भाषण लांबलं की स्वयंपाकघरातून ओरडायची, “मास्तर, तास संपला!” सगळे तिला अध्यक्षीणबाई म्हणत. आता बावीस कप फडताळात पालथे पडले होते. रोज दोनच सुलटे व्हायचे, तेही मुक्यामुक्याने.

तिला सगळ्यात जास्त लागलं होतं ते शिवणाच्या बाईंचं वागणं. शिक्षकांचा संप मिटला, सगळे कामावर गेले. शाळा चालवणाऱ्या संस्थेने काढलं ते या एकटीला. अशा वेळी माणसाने रडायला तरी आपल्या माणसाकडे यावं की नाही? ही तोंड दाखवायला तयार नाही. मग म्हातारीनेच पायात चपला सरकवल्या.

वाटेत गणिताचे मास्तर समोरून आले. हिला बघितलं आणि झटकन बाजूच्या दुकानात शिरले. दुकान बांगड्यांचं होतं.

शिवणाच्या बाई मशीनवर बसल्या होत्या. खुर्चीवर कापलेल्या कपड्यांचा ढीग. बाईंनी तो उचलला नाही. म्हातारी उभीच राहिली.

“माझ्याशी का अबोला धरलास गं? मी काय तुझं घोडं मारलं?”

मशीन थांबलं. “मला काढल्याच्या पत्रात कारण दिलंय, आई. संपाच्या निवेदनावर पहिली सही माझी, म्हणून.”

म्हातारीला तो कागद आठवला. निवेदनावर सह्या गोलात करायच्या, ही संघटनेची रीत होती. एकाखाली एक केल्या की वरचं नाव डोळ्यांत भरतं आणि त्याच्यावरच गदा येते. गोलाला ना डोकं ना शेपूट. त्या संध्याकाळी हिचंच जेवणाचं ताट कागदावर पालथं घालून मुलाने भोवती पेन्सिल फिरवली होती. बाई हिच्या मदतीला, कप मांडायला लवकर आल्या होत्या. रिकाम्या गोलाकडे बघत मुलगा पेनाचं टोपण नुसतं उघडत होता, लावत होता. बाईंनी पेन त्याच्या हातातून काढून घेतलं आणि सही ठोकली. मग त्याने केली. बाकीचे नंतर एकेक करून आले.

“पहिली सही कोणाची, ते तिघांनाच ठाऊक होतं,” बाई म्हणाल्या. “मला, सरांना आणि तुम्हाला. मी काही माझंच नाव सांगायला गेले नाही.”

“मग?”

“सरांनी सगळ्यांना हात जोडून सांगितलं की संस्थेचे अध्यक्ष घरी आले होते, माझी आई चहा देताना ते नाव बोलून गेली. म्हातारी आहे, तोंडाची सैल आहे, तिला कोणी विचारू नका, खचेल.” बाईंचा आवाज उतरला. “तुमच्यावर कोणी चिडलेलं नाही हो. पण तुमच्या घरात तोंड उघडायची भीती वाटते सगळ्यांना.”

संस्थेच्या अध्यक्षांनी आजवर हिच्या घराचा उंबरा पाहिला नव्हता.

“आणि तुला हे पटलं?”

बाई सुईत दोरा ओवत राहिल्या. दोरा दोनदा हुकला.

म्हातारी तशीच मागे फिरली. रस्त्यात कोण बघतंय, कोण तोंड चुकवतंय, हे तिने पाहिलंच नाही.

मुलगा वर्तमानपत्र वाचत होता. तिने ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

“अध्यक्षांना मी सांगितलं म्हणे.”

दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याने तिच्या डोळ्यांकडे बघितलं. मग म्हणाला, “संस्थेला एक नाव हवंच होतं, आई. ते दिल्याशिवाय संप मिटत नव्हता. बाकीचे वीसजण देशोधडीला लागले असते.”

“आणि तुझी खुर्ची?”

त्याने वर्तमानपत्रासाठी हात पुढे केला. तिने दिलं नाही.

“माझ्यावर का ढकललंस?”

“मग काय करू? मला याच माणसांत अजून वीस वर्षं काढायचीत. कळलं असतं तर दारात उभं केलं असतं का कोणी मला? तुझं काय, आई? या वयात तुला कोण काय करणार?”

म्हातारीने वर्तमानपत्राची नीट घडी घातली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

“हे मात्र खरं बोललास. मला कोणी काही करू शकत नाही. म्हणून उद्या घंटा व्हायच्या आत मी तुझ्या शाळेत येते. सगळ्या मास्तरांपुढे उभी राहते आणि सांगते, सही करायची हिंमत त्या बाईची होती आणि चहाडी माझ्या पोटच्या पोराची.”