बाबांचं गणित

"बाबा, सतरा नव्वे किती?"

हे विचारायची चैतालीची हिंमतच होणार नाही, अशी पैज हुमेराने लावली होती. चैतालीने विचारलं, तेही सगळ्या मैत्रिणींसमोर! अख्ख्या परभणीत नावाजलेले गणिताचे सर, तिचे बाबा, बोटं मोजू लागले आणि दहावर अडकले.

गेल्या जूनमध्ये त्यांच्या डोक्यातलं गणित दहा वर्षांच्या करारावर कॅनडातल्या एका शाळेतल्या बाईंच्या डोक्यात गेलं. बाबा इथेच राहिले. तेव्हापासून चैतालीच्या शाळेत गणिताचा तास रिकामाच.

संध्याकाळी कॅनडाहून आभाराचा व्हिडिओ आला. लाल केसांची एक मुलगी धडाधड समीकरणं सोडवत होती आणि मागून तिच्या बाई चक्क मराठीत म्हणत होत्या, "घाबरतेस कशाला? आकडा काय चावतो का?"

चैतालीच्या अंगाचा तिळपापड झाला. ते वाक्य तिचं होतं! तिसरीत भागाकाराला रडली, तेव्हा बाबांनी मांडीवर घेऊन तिला ते पहिल्यांदा म्हटलं होतं.

"हुशार आहे हं पोरगी," बाबा कौतुकाने म्हणाले.

चैतालीने डब्यातले चिंचोके ताटात ओतले. "आई, बाबा, मी ठरवलंय. पुस्तकातून आधी मी गणित शिकणार आणि रोज संध्याकाळी बाबांना शिकवणार. बे एके बेपासून!"

"अगं, पण करार..." आई चाचरली.

"गणित परत मागायचं नाही, एवढंच लिहिलंय त्यात. परत शिकायचं नाही असं कुठंय? बसा बाबा. आकडा काय चावतो का?"