हाताची तपासणी

चौथ्या रेग्युलेटरलाही कोमलनं नापासाची लाल पट्टी बांधली.

"वहिनी, आज उपास धरलाय का काय?" पलीकडच्या टेबलावरून पवन म्हणाला. दोघं परंदवडी गावचेच, त्यामुळं त्याला थट्टा करायची मुभा होती. "एकबी पास होईना. भाईर टेम्पोवाला तंबाखू मळून मळून दमला."

"थरथरतोय ह्यो," कोमल म्हणाली.

बारा रेग्युलेटर लोणावळ्याच्या एका हॉटेलच्या गॅसलाइनवर बसायचे होते. गॅस येतो जोरानं. त्याला आवरून शेगडीला हवा तेवढाच सोडायचा, हे रेग्युलेटरचं काम. जुने रेग्युलेटर बिघडले की बोंब मारायचे. आतली झडप फडफडायची, दाब वरखाली व्हायचा आणि अशी शिट्टी वाजायची की चूक लपायची नाही. नव्या मॉडेलमध्ये झडपेभोवती बारीक भोकांची जाळी बसवली. आवाज एकदम खाली आला. गिऱ्हाइकं खूश. पण थरथर राहिलीच, तर आता ती कुणाला ऐकू येणार नव्हती. म्हणून सगळे मीटर बघून झाले की शेवटी डोळे मिटून दहा सेकंद हात ठेवायचा, अशी रीत प्रमोदिनीताईंनी घालून दिली होती. त्या तपासणी विभागाच्या प्रमुख, तळेगावच्या. आणि कोमलसारखा हात कारखान्याच्या शेडमध्ये दुसऱ्या कुणाचा नव्हता. मीटरच्या काट्याच्या आधी तिच्या तळव्याला कळायचं.

बाळंतपणाची रजा संपवून ती सोमवारीच परत आली होती. सई सात महिन्यांची झाली. घरी सगळं ठीक होतं. सासूबाई, विठाबाई, शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, "पोर डोळ्याला डोळा लागू देत न्हाई, पर आमच्या कोमलचा आवाज म्हनून न्हाई. लय गुणाची." कोमल हसायची. भाकऱ्या थापायची, लेकीला पाजायची, लंगोट वाळत घालायची. कधी सई रडत असली की तिच्याकडं नुसतीच बघत बसायची, मग दचकून उचलून घ्यायची. ते कुणी पाहिलं नव्हतं.

पाचवा रेग्युलेटर. डोळे मिटले. होतीच थरथर.

पाच नापास म्हणजे माल अडणार. आणि माल चांगला निघाला, तर कोमलचा हात गेला असं ठरणार. हात गेलेल्याला पॅकिंगला पाठवत. खोकी काय, कुणीही बांधतं. क्षणभर तिला वाटलं, सोडून द्यावा एखादा पास करून. मग त्या शेगडीपुढं उभं राहणारं माणूस डोळ्यांसमोर आलं. तिनं लाल पट्टी बांधली.

पवननं प्रमोदिनीताईंना बोलावून आणलं. त्यांनी दाबाचा आलेख पाहिला. रेघ सरळ होती. स्वतःचा हात ठेवून पाहिला. मग काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला आणला आणि चालू रेग्युलेटरच्या सपाट टोपीवर ठेवला. पाणी हललं नाही. दुसऱ्यावर ठेवला. तेच. पाचांवरही तेच.

"पवन, पट्ट्या काढ यांच्या."

कोमल पुढं झाली. "ताई, हाताला थरथर लागत होती वो. तुमची आण. पाचीला लागत होती. पॅकिंगला नका ना टाकू मला."

"दे बघू हात."

प्रमोदिनीताईंनी तिचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरला आणि डोळे मिटले. पवन पट्टी सोडता सोडता थांबला. बराच वेळ गेला. नेहमीपेक्षा बराच.

"हात गेलेला नाही तुझा," त्या हळूच म्हणाल्या. "थरथर बरोब्बर ओळखलीस. फक्त ती रेग्युलेटरची नव्हती. कधीपासून आहे गं ही?"

'कुटं काय, ताई' म्हणायला कोमलनं तोंड उघडलं, आणि सात महिन्यांचा हंबरडा सगळ्या शेडनं ऐकला.