मानाचं ओझं

धर्मसेनेत पद वाढलं की छातीवरचे पितळी सूर्य वाढायचे, झगा लांबायचा आणि शिरस्त्राणाला आणखी एक शिंग फुटायचं. त्यामुळे नवे महारक्षक पदग्रहणाच्या दिवशी वेदीपुढे गुडघे टेकून बसले खरे, पण उठायची वेळ आली तेव्हा त्यांना जागचं हलता येईना. ते उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही असा दंडक होता. म्हणून मागे अख्खी फौज गुडघ्यांवर ताटकळली होती.

"महाराज, प्रार्थना कधीच संपली," शेजारचा उपरक्षक कुजबुजला.

"मला कळत नाही का? उठताच येत नाहीये."

"हात देऊ?"

"खबरदार! शत्रूचा दूत बघतोय. यांच्या सेनापतीला उचलावं लागतं, असं जाऊन सांगेल. डोळे मीट आणि पुटपुटत राहा."

उपरक्षक पुटपुटू लागला. त्याचं बघून फौजही पुटपुटू लागली. युद्धाचा निरोप घेऊन आलेल्या दूताचा चेहरा हळूहळू उतरत गेला. शेवटी तो पुढे आला, महारक्षकांशेजारी धाडकन गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "एवढी श्रद्धा असलेल्या फौजेशी कोण लढणार? आम्ही तह करतो."

महारक्षकांच्या जिवात जीव आला. "उत्तम! मग आधी तुम्ही उठा. पाहुण्यांचा मान पहिला."

दूत काही उठला नाही.

"जरा हात देता का?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "मलाही परवाच बढती मिळालीये."