बाशिंगाचा बैल

"आत्याबाई, मी लिहिलेलं काढून टाकते," सून रडवेली होऊन म्हणाली. मी तिच्या हातातला मोबाईल हिसकून घेतला.

गावाच्या फेसबुक पानावर तिनं सरळ विचारलं होतं, बाजारातल्या बायकांच्या संडासाला सहा महिने कुलूप का? माझी शाळा दुसरीतच सुटली, पण शिव्या वाचायला तेवढी पुरते. "भाकऱ्या थाप." "नवऱ्याला विचारलंस का?" सगळ्यांत घाण लिहिलं होतं कुणा 'रांगडा गडी'नं, ही बाजारात कुणाला भेटायला जाते म्हणून. त्याच्या नावाशेजारी माणसाचं तोंडही नव्हतं, बैलाचा फोटो होता.

बैल मी निरखून पाहिला. त्याच्या कपाळावरचं बाशिंग यंदाच्या पोळ्याला मीच माझ्या लग्नातल्या शालूच्या काठाचं शिवलं होतं.

पोळ्याला त्या बैलाचा फोटो काढणारा धाकटा लेक ओसरीवर चहा फुरकत होता. "रांगड्या गड्या," मी हाक मारली. त्यानं हातातली बशी घाईनं खाली ठेवली.

"आई, गंमत केली गं. सगळेच लिहितात."

"वहिनीच्या हातचा चहा ढोसतोस आणि तिच्यावरच गरळ ओकतोस? तीही मुक्या जनावराच्या आडून?" बशी मी अंगणात भिरकावली.

सुनेला म्हटलं, "एक अक्षर काढायचं नाही. खाली माझंही लिही, कुलूप कधी काढता? आणि हा रांगडा गडी माझ्या पोटचा आहे, तेही लिही."

"आत्याबाई, तुम्हालाही बोलतील."

"बोलू देत. नाव पुरं घाल, चंद्रभागा किसन ढाकणे. आणि फोटो माझ्या तोंडाचा लाव. बैल गोठ्यातच बरा."