पटाशी आणि चार नमुने

पटाशी खणकन टाइलवर आपटली.

मुलगा फरशीचे चार नमुने ओळीने मांडत होता. घरामागच्या सुतारकामाच्या खोलीतली जमीन पार उखडली होती. नवी, टिकाऊ जमीन घालून द्यायला तो तयार होता, मात्र आल्या आल्या त्याने बजावले होते, "बाबा, हात पूर्वीसारखा चालत असेल तरच. नाहीतर सगळी अवजारं मी घेऊन जाणार. उगाच बोटं गमावून बसाल." बाबांनी आयुष्यभर तंत्रशाळेत सुतारकाम शिकवले होते; सगळे त्यांना मास्तरच म्हणत. ते हातातली पटाशी पुसत राहिले होते.

आता ती खाली पडली होती. मुलाने मान वर केली.

"ही नापास," दारातून आई म्हणाली.

"काय नापास?"

"अरे, धार बघ की! कोपरा उडाला. टाइलला ओरखडा नाही, म्हणून ती टिकाऊ. पण अवजाराचं काय? बाबा कधीपासून हेच दाखवणार होते तुला. चल, दुसरा तुकडा सरकव."

मुलगा वाकला. पात्याचा कोपरा खरोखरच उडाला होता. तो स्वतः कारखान्यात यंत्रांच्या चाचण्या घेणारा. परीक्षा म्हटल्यावर त्याला चेव चढला. "मग उंची सारखी हवी, बाबा. बरोबर कमरेएवढी. आणि दर वेळी वेगळी पटाशी."

मास्तरांनी दुसरी पटाशी सोडली. सिमेंटच्या तुकड्यावर तिची धार दुमडली. तिसरी रबरावरून उसळली, तसा मुलगा टुणकन मागे सरला.

"आई, हसू नकोस!"

चौथा नमुना लाकडी ठोकळ्यांचा होता, लाकडाचे तंतू उभे ठेवून जोडलेला. त्यात पटाशी रुतली आणि ताठ उभी राहिली. धार शाबूत होती. मग मुलाने त्यावर हातोडीचे घाव घातले; ठोकळ्यांनी तेही पचवले.

"ठरलं," तो म्हणाला आणि थबकला. "पण बाबा, ती टाइल मी अजून नीट ठेवतच होतो. तुम्ही आधीच कशी टाकलीत?"

मास्तरांनी उजवा हात खिशात घातला.

"त्यांना कधी दम निघालाय?" आई म्हणाली. "तुझ्या पाळण्याचा रंग वाळायच्या आत तुला त्यात निजवलं होतं. किती दिवस हिरव्या पाठीचा होतास!"

मुलगा हसला. खोलीची मापे घेऊन तो ठोकळे मागवायला निघून गेला.

फाटक लागल्याचा आवाज आला. मास्तर बाकावर टेकले. खिशातून काढलेला हात गुडघ्यावर थरथरत होता.

"मी ती टाकली नव्हती."

"ठाऊक आहे. हातातून अवजार पडलेलं स्वयंपाकघरात रोज ऐकू येतं मला." तिने ठोकळ्यात रुतलेली पटाशी उपटली आणि मूठ पुढे करून त्यांच्या हातात दिली. "विजेच्या करवतीच्या मोटारीचा पट्टा मी आज सकाळीच काढून लपवलाय. तो परत मागायचा नाही. ही मात्र आता खुशाल पडू द्या."