टाकीतलं जुनं पेट्रोल

मेकॅनिकने टाकीतून काढलेलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतलं आणि बरणी उजेडात धरली. वर पिवळसर पेट्रोल, खाली बोटभर गढूळ पाणी, मध्ये स्वच्छ रेघ.

"काका, हे कधी भरलंय?"

चष्मेवाल्यांनी बरणीकडे पाहिलं. त्यांचा जन्म चष्म्याच्या दुकानात, लोकांना तक्त्यावरची खालची ओळ वाचायला लावण्यात गेला होता. आज पाळी त्यांची होती.

"असेल महिन्यापूर्वी."

"महिन्यात एवढं होत नाही. यात इथेनॉल मिसळलेलं असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पेट्रोल जळत राहिलं तर काही बिघडत नाही. पण तुमची गाडी हायब्रिड. घरी चार्जिंगला लावायची, बॅटरीवर फिरवायची, इंजिन आपलं झोपलेलं. त्यात टाकीचं झाकण सैल. आज बॅटरी उतरली, इंजिनाला उठवलं, आणि त्याच्या तोंडात पडलं हे पाणी."

मेकॅनिकने हात पुसले. "पण काकू तर सांगत होत्या, दर महिन्याला मुलीकडे जाता म्हणून. घाटापलीकडे. मागे मला बजावून गेल्या, लांबचा प्रवास असतो, गाडीने वाटेत दगा देता कामा नये."

घाटापलीकडे जायचं तर इंजिनाशिवाय गत्यंतर नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. शिवाय तासाभरापूर्वी मेकॅनिकने गाडी ओढून आणली होती ती गावाबाहेरच्या तळ्याकाठून.

"घरी पेट्रोलचं बोलू नकोस," चष्मेवाले म्हणाले.

"मग काय सांगू?"

"काहीही. वायर गेली म्हण."

मेकॅनिकने मान हलवली. भला माणूस, त्याने पुढे खोदून विचारलं नाही. "टाकी धुवावी लागेल. गाडी उद्या न्या."

चष्मेवाले चालत निघाले. दुपार कलत होती. इतकी वर्षं ज्या क्षणाची धास्ती घेतली होती तो आला होता, आणि त्यांना काहीच वाटत नव्हतं. दात काढल्यावर गाल बधिर होतो, तसं आतून सगळं बधिर झालं होतं.

पहिल्या खेपेला ते खरंच गेले होते, टाकी काठोकाठ भरून. मुलीने मनासारखं लग्न केलं तेव्हा ते भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर तिला म्हणाले होते, "तू मला मेलीस." तिने तो शब्द धरून ठेवला. पुन्हा तुमच्यासमोर उभी राहणार नाही, म्हणाली, आणि राहिली नाही. बायकोने भांडण केलं नाही की आदळआपट केली नाही. तिने फक्त जेवण कमी केलं. ताटात वाढायची आणि ताट उचलून ठेवायची. शेवटी ते माफी मागायला गेले. दाराच्या भिंगातून कुणीतरी पाहिलं आणि दार काही उघडलं नाही. ते जिन्यात बराच वेळ उभे राहिले आणि परतले.

"भेटली?" बायकोने विचारलं होतं.

तिचा चेहरा पाहून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "भेटली. चहा केला तिने. तुझी चौकशी करत होती."

त्या रात्री बायको पोटभर जेवली.

पुढच्या महिन्यात तिनेच डबा भरला. "रविवारी जाऊन या ना." मग तो पायंडाच पडला. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी निघायचं, तळ्याकाठी झाडाखाली गाडी लावायची, डबा गुन्हेगारासारखा स्वतःच संपवायचा आणि संध्याकाळपर्यंत बातम्या रचायच्या. मुलीला बढती मिळाली. जावयाचं पोट सुटलंय. घरात नवे पडदे लावलेत.

"कसल्या रंगाचे?"

"हिरवे."

"हिरवे?" बायको हसली होती. "तिला हिरवा कधीपासून आवडायला लागला?" ते गडबडले होते, पण तिने विषय ताणला नाही. ती कधीच ताणत नसे.

एकच भीती होती, की एखाद्या रविवारी ती म्हणेल, मीही येते. पण तिचे गुडघे धरलेले. एवढा वेळ गाडीत बसवत नाही, म्हणायची. त्या गुडघ्यांचे त्यांनी मनोमन किती आभार मानले असतील. तिचा आग्रह एवढाच असे, "परत निघालात की न चुकता फोन करा. म्हणजे जेवण गरम ठेवते."

आज त्यांनी फोन केला नाही. काय सांगणार होते? कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी ते थांबले आणि तिथेच त्यांनी ठरवलं, आता पुरे. मेकॅनिकला गप्प बसवता येईल, पण पुढच्या महिन्यात पुन्हा तळं, पुन्हा डबा, पुन्हा पडदे. त्यांच्यात आता तेवढी ताकद उरली नव्हती.

ते पुढे चालत वाक्य जुळवू लागले. 'मी तिला लग्नानंतर पाहिलेलंच नाही.' एवढंच बोलायचं. मग बायकोचं ताट पुन्हा तसंच राहील. या वयात तिला ते झेपायचं नाही, हेही त्यांना माहीत होतं. तरी पाय घराकडे पडत राहिले.

जिना चढून ते दारापाशी आले. दम लागला होता. किल्ली काढेपर्यंत त्यांनी वाक्य आणखी एकदा मनात म्हणून घेतलं.

आतून बायकोचं हसणं ऐकू आलं. मोकळं, खळखळून. असं हसणं त्यांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. शेजारीण आली असणार. परक्या माणसासमोर कसं बोलायचं, म्हणून किल्ली धरलेला हात तसाच थांबला.

"सावकाश जेव गं, घाई कसली तुला," बायको आत म्हणत होती. "बाबा संध्याकाळशिवाय येत नाहीत. तुलाच तर भेटायला गेलेत."