कबुली

रंगराव शाहूपुरीतून गुळाचा ट्रक घेऊन गुजरातला जायचा. त्याच्या बायकोची, अनुसयाची, तीन बाळं पोटातच गेली, तेव्हा १९७४ साली डॉक्टरांनी दोघांचंही रक्त तपासलं. रिपोर्ट आणायला रंगराव एकटाच गेला आणि घरी येऊन मान खाली घालून म्हणाला, "तुला गुप्तरोग हाय. माझ्याकडनंच लागलाय. चुकलं माझं."

अनुसया त्याला सोडून गेली नाही, पण पुढं बारा वर्षं एका घरात राहून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

तो वारल्यावर वर्षभरात तिचा पाय सुजला. त्याच्या ट्रंकेतले जुने कागद घेऊन ती नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"तुम्हाला तो रोग नव्हताच," बाई म्हणाल्या. "तुमच्या रक्तात गुठळ्या होतात. बाळं त्यानंच गेली, आणि अशा रक्तात त्या रोगाची तपासणी रोग नसतानाही आहे असं दाखवते. आता रक्त पातळ करायच्या गोळ्या देते."

"पण ह्यांनी सोताच कबूल केलतं की."

बाईंनी दुसरा कागद नीट वाचला.

 

"त्यांचं रक्त चांगलं होतं. आणि हे त्यांना त्याच दिवशी सांगितलं होतं, असं इथं लिहिलंय."